कंबरेचं दुखणं, मनाचा धसका

कोलकात्यात पारशीबागान लेनमधल्या १४ नंबरच्या घरात डॉ. गिरींद्रशेखर बोस राहत. याच घराशी १९२२मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेचं नाव कायमचं जोडलं गेलं. बोस यांचा फ्रॉइडशी बरीच वर्षं पत्रव्यवहार होता, भेट मात्र कधी झाली नाही. मला त्यांचं मोठं काम वाटतं ते १९३३मधलं. तेव्हाच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर रुग्णालयात, त्यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयातला असा विभाग देशात पहिलाच. तापाचा रुग्ण ज्या फाटकातून आत येतो, त्याच फाटकातून मनाचा रुग्णही येऊ लागला.

जुनाट कंबरदुखीला मात्र हे फाटक अजून नीट सापडलेलं नाही. तीन महिन्यांहून अधिक दुखलं की माणूस एमआरआय काढतो, अहवालात ‘डिस्क झिजली आहे’ असं वाचतो आणि वाकायलाच घाबरू लागतो. २०१५मध्ये ३,११० लोकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. यातल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या दिसल्या. केस पिकतात तशी डिस्कही झिजते. चित्रातली झीज आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही.

मग दुखतं कुठे? कंबरेतच दुखतं, आणि खरंच दुखतं. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं रुग्णाला सांगणं चूक आहे, क्रूरही आहे. वेदना घडवतो मेंदू, मग ती मोडलेल्या हाडाची का असेना. अमेरिकेतल्या वान्या अपकेरियन यांच्या गटाने २०१३मध्ये दाखवलं, की कंबरदुखी नवी असते तेव्हा मेंदूतली तीव्र वेदनेची केंद्रं जागी होतात. दहा वर्षांहून जुन्या दुखण्यात तोच उद्रेक भावनांशी जोडलेल्या भागांकडे सरकलेला असतो. दुखणं तेच, पण मेंदूतला त्याचा पत्ता बदललेला.

आपल्याकडे म्हणतात, ‘त्याने धसकाच घेतला.’ हा शब्द इथे चपखल बसतो. वाकलं की कळ येईल ही भीती, भीतीने आखडलेले स्नायू, त्यामुळे कमी झालेली हालचाल, आणि जरा हललं तरी मेंदूने वाजवलेली धोक्याची घंटा. दुखापत भरून येते तरी ती घंटा वाजत राहते. बोस यांचा भर दडपलेल्या इच्छांवर होता. आजचं संशोधन त्या वाटेने गेलेलं नाही, त्याचं लक्ष आहे मेंदूने शिकलेल्या भीतीवर. आणि शिकलेलं मोडताही येतं. अमेरिकेत १५१ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. वेदनेकडे धोका म्हणून न पाहण्याचा सराव चार आठवडे केलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं जवळजवळ गेलं. नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. प्रयोग लहान आहे आणि सौम्य ते मध्यम दुखण्याच्या लोकांवरचा आहे, तरी आशेला जागा आहे. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा अकारण वजन घटणं, यांतलं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरच गाठायला हवा.

एका गोष्टीचं मला फार वाटतं. भीती नेहमी मेंदूची चूक नसते. कोलकात्याच्या बडाबाजारातला मुटे, म्हणजे हमाल, डोक्यावर गाठोडी वाहतो. कंबर धरली की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याला ‘ताण घेऊ नका’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? बोईंग कारखान्यातल्या ३,०२० कामगारांच्या १९९१मधल्या अभ्यासातही कंबरदुखीची तक्रार कोण करेल याचा चांगला अंदाज कामावरच्या नाराजीवरून आला, शरीराच्या मोजमापांवरून फारसा आला नाही. कामगाराच्या कंबरेवर मुकादमाच्या बोलण्याचा, कर्जाचा, उद्याच्या रोजाचाही भार असतो. म्हणून कंबर तपासणाऱ्याने ‘कुठे दुखतं?’ याच्या जोडीला ‘घरी कसं चाललंय?’ हेही विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.