चित्रनगरी होईल, पण लिहिणार कोण?

इगतपुरी तालुक्यातील मुंढेगावच्या चित्रनगरीची चर्चा नाशिकमध्ये अधूनमधून जोर धरते. चर्चेत जागा किती, मुंबईहून किती तासांत पोहोचता येईल, पावसाळ्यात चित्रीकरण किती दिवस अडेल, स्थानिक तरुणांना काम मिळेल का, हे सगळं येतं. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. मात्र मालिका जिथे जन्मते त्या टेबलाबद्दल, म्हणजे लेखनाबद्दल, फारसं कुणी बोलत नाही. सेट उभा राहिला की मालिका आपोआप त्या गावची होते, असं गृहीत धरलेलं दिसतं. माझं म्हणणं असं, की मालिकेला गाव मिळतं ते लेखकाकडून, आणि लेखकाला पुरेसा वेळ मिळाला तरच. नाशिकने चित्रनगरी मागताना लेखनाची सोय मागितली नाही, तर इथल्या डोंगरांचं आणि घाटांचं चित्रीकरण होईल, पण इथली माणसं पडद्यावर येणार नाहीत.

रोज रात्री आपण जी मालिका पाहतो ती कशी तयार होते, हे एकदा समजून घेतलं पाहिजे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण बावीस मिनिटांचा मजकूर असतो. आठवड्याला सहा भाग धरले तर एकशे बत्तीस मिनिटं, म्हणजे दर आठवड्याला एक पूर्ण लांबीचा चित्रपट. मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावं वेगवेगळी दिसतात, ती या वेगामुळेच. कथालेखक पुढच्या काही महिन्यांचा ट्रॅक ठरवतो. वाहिनीचे क्रिएटिव्ह आणि निर्मिती संस्थेची माणसं त्यावर बसतात. मग प्रत्येक भागाची वनलाइन निघते: कोणता सीन कुठे, दिवसा की रात्री, त्यात कोण कोण, आणि भाग कुठे सोडायचा. पटकथाकार त्याचे सीन बांधतो आणि शेवटी कागद संवादलेखकाकडे जातो. एक उदाहरण घेऊ. वनलाइनमध्ये लिहिलंय की सासू सुनेला स्वयंपाकघरात पत्र दाखवते. पण सासूचं काम करणाऱ्या अभिनेत्रीची तारीख फक्त मंगळवारी आहे आणि स्वयंपाकघराचा सेट मंगळवारी दुसऱ्या सीनसाठी लागलेला आहे. मग पत्र ओसरीवर सापडतं, सासू फोनवर बोलते, आणि सुनेच्या तोंडी तीन नवी वाक्यं येतात. हा बदल सोमवारी रात्री होतो. मंगळवारी सकाळी कलाकार मेकअपला बसलेले असताना ते पान सेटवर येतं.

हाताशी तयार भागांची ‘बँक’ असेल तर अशी ओढाताण कमी होते. बँक संपली की आज शूट केलेलं उद्या-परवा प्रक्षेपित होतं, आणि मग लेखक विचार करत नाही, भरणा करतो. त्यात दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’चे आकडे येतात. देशभरातल्या पन्नास हजारांच्या आसपास घरांतल्या मीटरांवरून ते काढलेले असतात. आकडा घसरला की ठरलेला ट्रॅक आवरता घ्यायचा, लग्न पुढे ढकलायचं किंवा अलीकडे आणायचं, असे निर्णय होतात. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या लांबीत पात्रांचा स्वभाव टिकवणं ही फार कठीण कारागिरी आहे. ती करणाऱ्या माणसांकडे आपण ‘पाणी घालतात’ एवढंच म्हणून पाहतो, हा त्यांच्यावर अन्याय आहे. पाणी घालावं लागतं ते वेळापत्रकामुळे.

जागेपेक्षा लेखन मोठं, याचा पुरावा एप्रिल २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातलं चित्रीकरण थांबलं आणि मराठी-हिंदी मालिकांची युनिट काही दिवसांत गोवा, दमण, सिल्वासा अशा ठिकाणी हलली. गोरेगाव-मिरा रोडच्या सेटवरचे वाडे, बंगले, देवघरं मागे राहिली. पात्रं तिथून अचानक बाहेरगावी का गेली, याचं कारण लेखकांनी शोधलं आणि प्रेक्षकांनी ते मान्य केलं. घर बदललं तरी मालिका चालू राहिली, कारण पात्रं तीच होती आणि ती आपल्याच भाषेत बोलत होती.

आता उलट बाजू पाहू. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने सावंतवाडीजवळचं आकेरी घराघरात नेलं. वाडा जुना होता, झाडी गर्द होती हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथली माणसं मालवणीत बोलत होती. संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतः पांडूच्या भूमिकेत होते. ज्याने ते बोलणं कानांनी ऐकलंय त्यानेच ते लिहिलं आणि उच्चारलंही. ‘लागिरं झालं जी’ची गोष्टही अशीच. २०१७ ची ही मालिका साताऱ्याच्या मातीतली वाटली, कारण ती लिहिणारे तेजपाल वाघ त्याच भागातले. फौजेत जाणाऱ्या पोरांच्या घरात काय बोललं जातं, कोण गप्प बसतं, हे बाहेरून येऊन दोन दिवसांत टिपता येत नाही. त्यानंतर साताऱ्याच्या परिसरात मालिकांची वर्दळ वाढली. आधी भाषा पोहोचली, मग युनिट आली.

नाशिकजवळ या बाबतीत काय कमी आहे? कुसुमाग्रजांनी तरुणपणी, १९३६ च्या सुमारास, गोदावरी सिनेटोनसाठी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. वसंत कानेटकर याच शहरात राहून, कॉलेजात शिकवून, मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीला नाटकं देत राहिले. आजच्या पिढीत दत्ता पाटील यांचं लेखन आणि सचिन शिंदे यांचं दिग्दर्शन, प्राजक्त देशमुख यांचं ‘देवबाभळी’, ही नाशिकची नावं राज्यभर आदराने घेतली जातात. आणि विषय? लासलगावचा कांदा बाजार, येवल्याचे पैठणी विणकर, निफाडच्या द्राक्षबागांवरचं कर्ज आणि गारपीट, सुरगाणा-पेठमधून कामासाठी होणारं स्थलांतर, बागलाणातली अहिराणी. दैनंदिन मालिकेला वर्षानुवर्षं पुरेल एवढं जगणं एका जिल्ह्यात आहे.

याच जिल्ह्यातल्या मालेगावने तर चित्रनगरीची वाटही पाहिली नाही. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. पडद्यावर यंत्रमाग कामगार आणि दुकानदार होते. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात त्यांची पद्धत जवळून दिसते: ट्रॉली शॉटसाठी सायकल, क्रेनऐवजी बैलगाडी, उडणाऱ्या सुपरमॅनसाठी हिरवं कापड. पण नुसत्या जुगाडाचं कौतुक करून थांबलं तर मुद्दा हातून निसटतो. तो सुपरमॅन मालेगावच्या प्रश्नांशी झगडतो आणि गावच्या बोलीत बोलतो, म्हणून लोकांनी तो आपला मानला. पुढे या शहरातून ‘मालेगाव का चिंटू’ सब टीव्हीपर्यंत गेला, आणि यूट्यूबवर छोटू दादाच्या खानदेशी विनोदांना कोट्यवधी प्रेक्षक मिळाले. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला, तोवर हे सगळं घडून गेलं होतं.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की वाहिन्या मुंबईत, निर्माते मुंबईत, मग लेखकाने नाशिकला राहून काय करायचं? पण आज वनलाइन मोबाइलवर येते आणि सीन ईमेलने जातो. बैठकीसाठी मुंबईला जाऊन रात्री परतता येतं. कांदिवलीत भाड्याची खोली घेऊन पाच वर्षं काढणाऱ्या लेखकाच्या कानातून मात्र गावचं बोलणं हळूहळू निघून जातं आणि सगळ्या मालिकांची मिळून एकच गुळगुळीत मराठी उरते. दुसरा आक्षेप बोलीचा: अहिराणी विदर्भात किंवा पुण्यात कोण समजून घेणार? मालवणीबद्दलही हीच शंका होती, आणि ‘रात्रीस खेळ चाले’ची पुढे आणखी दोन पर्वं निघाली. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रेक्षकांना कारस्थानं आणि सासू-सूनच हवी असतात, आकडे तेच सांगतात. पण आकडे किती जण पाहायला बसले ते सांगतात, जे दाखवलंच नाही त्याबद्दल ते काही सांगू शकत नाहीत. शिवाय कारस्थान हा प्रकार वाईट नाही. महाभारत त्यावरच उभं आहे. ते कोणत्या घरात, कोणत्या पैशासाठी, कोणत्या शब्दांत घडतं, यावर ते खरं वाटणं अवलंबून असतं. चौथा मुद्दा रोजगाराचा. सुतार, लाइटदादा, स्पॉटदादा, गाड्या, जेवण, या सगळ्यांना चित्रनगरीमुळे काम मिळेल आणि ते मिळायलाच हवं. पण युनिट परत गेलं की ते काम थांबतं. कथा इथली असेल तर युनिटला परत यावंच लागतं.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपलं बिऱ्हाड नाशिकला हलवलं. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा लघुपटही त्यांनी केला. पडद्यामागचं काम लोकांना कळावं, ही तळमळ त्यांना शंभर वर्षांपूर्वी होती. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकमध्ये उभी राहिली. लवकरच खर्च आणि अधिकार यांवरून बेबनाव झाला. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, आणि पुढे कंपनीत परतले. भांडवल, जागा, यंत्रं सगळं असून निर्मात्याच्या हाती निर्णय राहिला नाही की काय होतं, हे या शहराने तेव्हाच पाहिलं आहे.

म्हणून मुंढेगावच्या आराखड्यात स्टुडिओच्या मजल्यांबरोबर लेखकांसाठी पैसा आणि वेळ यांची तरतूद असावी. नाशिक, मालेगाव, बागलाण, सुरगाणा इथल्या चार-पाच लेखकांना सहा महिने मानधन मिळावं आणि चित्रीकरणाचा पहिला दिवस उगवण्याआधी निदान पन्नास भाग लिहून तयार असावेत. बोलीच्या संवादांसाठी त्या त्या बोलीचा माणूस सेटवर हजर असावा, श्रेयनामावलीत त्याचं नाव यावं आणि त्याला मोबदला मिळावा. लेखनवर्गही भरावेत, पण त्यांच्यासाठी इमारत बांधायची गरज नाही. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय शहरात आहे, कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे. जिल्ह्यातल्या नाट्यसंस्थांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही मागणी आताच, जमिनीच्या फाइलीबरोबरच, सरकारपुढे ठेवावी.