सहा सुतांचं इंजिन

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, गंजक्या पान्यांच्या ढिगाखाली ते सापडलं. वितीहून ठेंगणं, एका सिलिंडरचं, उभं वाफेचं इंजिन. विकणारा त्याला शिलाई मशीनचा भाग समजत होता. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

घरी घासल्यावर ओळख पटली: इंग्लंडच्या स्टुअर्ट टर्नर कंपनीचं 'टेन व्ही'. सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, दट्ट्याची धावही तेवढीच. फिटरच्या भाषेत सहा सूत. कंपनी कच्ची ओतकामं विकायची. ती कातायची, भोकं आणि आटे पाडायचे, ते घेणाऱ्यानं. माझ्या इंजिनाच्या पहिल्या मालकाचा हात ड्रिलवर जरा थरथरत असावा. बैठकीचं एक भोक दोनदा पाडलेलं आहे. ते मी तसंच ठेवलं.

दट्ट्या गंजून सिलिंडरला चिकटला होता. अशा वेळी हातोडा जवळ नसलेला बरा, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ तडकतं. आठ दिवस डिझेलमध्ये बुडवलं, मग लाकडी ठोकळा टेकवून टपल्या मारल्या, तेव्हा तो सुटला. फ्लायव्हीलचा काठ फुटलेला होता, म्हणून नवं ओतकाम मागवून लेथवर चढवलं. ओतकामाची साल कडक असते, तिच्यात वाळूचे कण अडकलेले असतात. भीत भीत खरवडत बसलं की टूलची धार जाते. पहिलाच काप सालीखालून घ्यायचा.

खरी करामत सरकत्या झडपेची. ती उपड्या डबीसारखी असते. एकीकडे सरकली की सिलिंडरच्या एका टोकाचं वाफेचं दार उघडतं, आणि दुसऱ्या टोकाची वापरलेली वाफ तिच्या पोकळ पोटाखालून बाहेर पडते. तिला हलवणारं एक्सेंट्रिक क्रँकच्या 90 अंशांहून थोडं पुढे बसवतात, म्हणजे दट्ट्या टोकाला पोचतो तेव्हा दार किलकिलं झालेलं असतं. हे सगळं मी नीट बसवलं, तरी इंजिन अर्धा फेरा घेऊन थांबे. दोन रात्री झडपेशी झटापट केली. दोष निघाला माझ्या कागदी गॅस्केटचा: खालची वाफवाट मीच तिनं बुजवली होती.

छोट्या इंजिनाला निसर्ग सवलत देत नाही. मापं निम्मी केली की पृष्ठभाग चौथाई होतो, पण आकारमान एक अष्टमांश. म्हणजे वाफेच्या मानानं थंड भिंती दुप्पट, आणि वाफेचं लगेच पाणी. म्हणून सिलिंडरला लाकडी पट्ट्यांचं जाकीट घालतात. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये वाद रंगला होता, की इतक्या लहान बॉयलरमध्ये कोळसा जाळून पुरेशी वाफ होईल का. 'एलबीएससी' या नावानं लिहिणाऱ्या गृहस्थांनी अडीच इंच अंतराच्या रुळांवरच्या 'आयेशा' या कोळशाच्या छोट्या रेल्वे इंजिनानं मोठ्या माणसाला ओढून दाखवलं. वाद घालायची ही पद्धत मला फार आवडते.

बॉयलरच्या बाबतीत मात्र जुगाड नको. तांब्याचे सांधे चांदीच्या मिश्रधातूनं झाळायचे. साधं कथलाचं झाळण उष्णतेनं मऊ पडतं. मग कामाच्या दुप्पट दाबानं चाचणी घ्यायची, तीही थंड पाण्यानं. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तर नुसती पिचकारी उडते. हवा भरली असती तर स्फोट झाला असता.

तांब्याची नळी आणून ठेवली आहे. चांदीचा भाव पाहून झाळकाम पुढच्या दिवाळीवर ढकललं आहे. तोवर इंजिन स्कूटरच्या चाकात हवा भरायच्या पंपावर चालतं, आणि पंप शेजारचा मुलगा मारतो.