भिंगावरची जांभळी जादू

मुलांनो, दुर्बीण हातात आली की आपण काय करतो? लगेच डोळ्यांना लावतो. आज मात्र थोडं उलटं करायचं. दुर्बीण समोर धरा आणि तिच्या मोठ्या भिंगांकडे तिरकं पाहा. काच तर बिनरंगाची. पण तिच्यावर जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक दिसेल. ही झाक कशाची? काही दुर्बिणी हजार-दोन हजारांना मिळतात, तर काहींची किंमत लाखाच्या पुढे जाते. त्याच्याशी या झाकेचा काही संबंध असेल का? आहे, आणि चांगलाच आहे!

चार टक्क्यांची चोरी

रात्री घरात दिवा लावून खिडकीच्या काचेत पाहिलं, तर आपलाच चेहरा दिसतो. म्हणजे काच सगळा प्रकाश आरपार जाऊ देत नाही, थोडा माघारी पाठवते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश असा परत फिरतो.

चार टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं ना? मग गणितच करू. दुर्बिणीच्या एका नळीत पुढचं भिंग, लोलक म्हणजे प्रिझम, डोळ्याजवळची भिंगं अशी बरीच मंडळी असतात. प्रत्येकाला किमान दोन बाजू. समजा, एकूण १२ पृष्ठभाग झाले. १०० चे ९६ टक्के, त्याचे पुन्हा ९६ टक्के, असं बारा वेळा करा. शेवटी उरतात जेमतेम ६१! उरलेल्या ३९ पैकी काही प्रकाश बाहेर जातो आणि काही नळीतच भटकत राहतो. हा भटका प्रकाश चित्रावर धुकं पसरवतो आणि रंग फिके पाडतो.

जुन्या भिंगाने दिलेला धडा

इंग्लंडमधल्या डेनिस टेलर यांना १८९० च्या दशकात एक नवल दिसलं. जुनी, काळवंडलेली भिंगं नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडत होती! पुढे १९३५ साली जर्मनीतल्या येना गावी, त्साइस कंपनीतले शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी हा गुण मुद्दाम आणायची युक्ती काढली. निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून भिंगावर तिचा पातळ थर बसवायचा. सुरुवातीची काही वर्षं जर्मन लष्कराने हे गुपितच ठेवलं होतं.

या कामासाठी मॅग्नेशियम फ्लोराइड फार वापरतात. थराची जाडी असते सुमारे १०० नॅनोमीटर. म्हणजे एक मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातला एक!

एवढासा थर करतो काय? थोडा प्रकाश थराच्या वरच्या बाजूवरून परततो, थोडा खालच्या. थराची जाडी अशी बेतलेली असते, की एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो. दोघी एकमेकींना पुसून टाकतात. परत फिरणारा प्रकाश कमी झाला, की तेवढाच जास्त प्रकाश आत जातो.

पण एका जाडीचा थर एकाच रंगाला नेमका जुळतो. तो सहसा हिरव्याला जुळवतात, कारण दिवसा आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा रंग सर्वांत उजळ दिसतो. मग थोडे लाल आणि निळे किरण परततात. त्यांची मिसळण म्हणजेच आपली जांभळी झाक!

थरावर थर

एका थराने प्रत्येक पृष्ठभागाची गळती सुमारे दीड टक्क्यावर येते आणि १०० पैकी ८३ किरण पोचतात. महागड्या दुर्बिणीत एकावर एक अनेक थर असतात, वेगवेगळ्या रंगांना सांभाळणारे. गळती अर्ध्या टक्क्याहून कमी होते आणि ९० च्या वर किरण डोळ्यांपर्यंत येतात. शिवाय सगळे रंग सारख्या प्रमाणात येतात. खरं मोल आहे ते याचं.

का ते सांगतो. आपला राज्यपक्षी हरियल. त्याचे पाय पिवळेधमक. सह्याद्रीच्या जंगलात त्याचा एक भाऊबंद राहतो, त्याचे पाय लालसर. आता जत्रेत मिळते तशी लालभडक भिंगांची दुर्बीण लावलीत तर? तिची भिंगं लाल रंग बाहेर परतवतात, म्हणून चित्र हिरवट-निळसर दिसतं. मग पायांचा रंग वहीत खरा कसा लिहाल?

करून पाहा

१) भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. एकाऐवजी अनेक दिसतील. सगळी रंगीत असतील तर उत्तम. एखादं पांढरंशुभ्र असेल, तर तो पृष्ठभाग कोराच राहिला आहे.

२) उजेडात पांढरा कागद ठेवा आणि दुर्बिणीच्या उलट्या बाजूने त्याच्याकडे पाहा. कागद पिवळट दिसतो की निळसर? तोच तुमच्या दुर्बिणीचा रंग.

आणि दोन गोष्टी कायम लक्षात ठेवा. थर नाजूक असतो. भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. आधी धूळ फुंकणीने उडवा, मग मऊ, स्वच्छ फडक्याने हलकेच पुसा. दुसरी फार महत्त्वाची : थर कितीही भारी असोत, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा पाहायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो. बाकी पानं, पाखरं, चांदणं सगळं तुमचंच आहे. पाहा आणि खऱ्या रंगात पाहा!