तारीख घातलेला रियाज

भास्करबुवा बखल्यांचा आवाज आज कुणालाही ऐकता येत नाही. 1922 साली ते गेले, तेव्हा भारतात ध्वनिमुद्रण सुरू होऊन वीस वर्षं झाली होती. 1902च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजानची गाणी तबकडीवर उतरली होती. अल्लादियाखाँसाहेब तर 1946 पर्यंत हयात होते, पण त्यांच्या गायकीची ओळखही आपल्याला शिष्यांच्या गळ्यातूनच करून घ्यावी लागते. यंत्र होतं, पण ते कंपनीचं होतं. कुणी, केव्हा आणि काय गायचं हे कंपनी ठरवी, आणि 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावे. माणूस स्वतःच्या घरी, रोजच्या बैठकीवर, रोजच्या वेळी कसा गातो हे टिपून ठेवायला सामान्य घरात टेपरेकॉर्डर यावा लागला. आज तर ती सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही हौशी गायक-वादकाने घरात केलेल्या ध्वनिमुद्रणाकडे आपण स्टुडिओची गरीब नक्कल म्हणूनच पाहतो. हे पाहणं चुकीचं आहे. घरगुती मुद्रण ही वेगळीच चीज आहे. ते अर्धं रियाजाचं साधन आहे आणि अर्धी नोंदवही, आणि त्याचं मोल आवाजाच्या झळाळीपेक्षा नियमितपणावर व नोंदीवर ठरतं.

‘हौशी’ या शब्दाला आपल्याकडे उगीच कमीपणा चिकटला आहे. महाराष्ट्रातल्या संगीताचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास नोकरी-धंदा सांभाळून गाणं शिकणाऱ्यांनीही घडवला आहे. 1870 साली मुंबईत पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली ती हौसेपोटीच. त्याच मंडळीत पुढे भातखंडे आले. शिक्षणाने वकील आणि उत्पन्नासाठी गाण्यावर अवलंबून नसलेल्या या माणसाने गावोगाव हिंडून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून चिजा जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून सर्वांसमोर ठेवल्या. कोल्हापूरचा देवल क्लब किंवा भास्करबुवांनीच 1911 साली स्थापन केलेला पुण्याचा भारत गायन समाज यांच्या बैठका भरल्या त्या मुख्यतः अशाच कानांनी. ऑफिसला निघण्यापूर्वीचा पाऊण तास, रात्री जेवणं आटोपल्यावरचा अर्धा तास आणि रविवारची सकाळ एवढ्यावर आयुष्यभर गाणारी माणसं मराठी गावा-शहरांत अजून आहेत. त्यांच्या दिवसाला बाहेरून पाहता काहीच घडत नाही असं वाटतं: तोच षड्ज, तेच पलटे, तोच भूप महिनाभर. पण संगीत टिकतं ते या काहीच न घडणाऱ्या दिवसांमुळे, आणि नेमक्या याच दिवसांची नोंद कुठेही नसते.

आता अशा हौशी गायकाच्या रियाजाच्या खोलीत यंत्र आणून ठेवलं की काय होतं ते जरा बारकाईने पाहू. गाताना स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. म्हणून तो भरदार वाटतो, आणि पहिल्यांदा मुद्रण ऐकणारा प्रत्येक जण दचकतो. शिवाय गात असताना मन पुढच्या जागेकडे धावत असतं, मागची जागा कशी लागली ते तपासायला त्याला उसंत नसते. दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकलं की उतरलेला गंधार किंवा समेच्या आधीची घाई उघडी पडते. पण यासाठी यंत्राची खोड माहीत हवी. मोबाइलचं मुद्रण मुळात बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. सलग, न बदलणारा आवाज म्हणजे पंख्यासारखा गोंगाट असं ते धरून चालतं आणि तो दाबायला बघतं. तानपुरा नेमका तसा सलग असल्यामुळे पुष्कळदा तोच अर्धामुर्धा गिळला जातो, आणि सुराचा आधारच गेलेलं गाणं हाती येतं. दुसरी खोड आवाजाची पातळी आपोआप सांभाळण्याची. गायक थांबला की खोलीतली घरघर वर येते, तान जोरात आली की ती खाली दाबली जाते, आणि सगळं एका पातळीवर सपाट होतं. आपल्या गाण्यात उठाव नाही असं वाटून खट्टू होणाऱ्याने आधी ही सोय बंद करून पाहावी. फोन तानपुऱ्याच्या पेटीवर ठेवू नये, दीड हात दूर आणि तोंडाच्या जरा खाली ठेवावा, आणि समोर उघडी भिंत असेल तर तिथे जाडसर गोधडी टांगावी. कुकरची शिट्टी आली तर येऊ द्यावी. मुद्रण कुठल्या घरातलं, कुठल्या वेळेचं आहे हे ती उद्या कुणाला तरी सांगेल.

याच खोलीत पूर्वी आणखी एक गुरू असे, तो म्हणजे दूरचित्रवाणी संच. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढची कित्येक वर्षं रोजचं प्रक्षेपण काही तासांपुरतंच होतं. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘शब्दांच्या पलीकडले’ असे कार्यक्रम ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी लागत. चुकले की चुकले. व्हिडिओ मुद्रणाचं यंत्र फार थोड्या घरांत होतं. मग संचासमोर कॅसेट रेकॉर्डर ठेवायचा आणि घरातल्यांना गप्प बसवायचं, हाच उपाय. याला हसण्याचं कारण नाही. दूरचित्रवाणीचा ध्वनी एफएम पद्धतीने येई, त्यामुळे त्या काळच्या मध्यम लहरींवरच्या रेडिओपेक्षा तो पुष्कळ स्वच्छ असे. गायकाची बोटं, तबलजीकडे टाकलेली नजर, तानपुरेवाल्या शिष्याचं सावरून बसणं हे डोळ्यांनी पाहायचं आणि बंदिश टेपवरून नंतर बसवायची, असा हा दुहेरी पाठ होता.

अशा टेपांची किंमत किती असू शकते याचा सर्वांत बोलका दाखला संगीतातला नाही, इंग्लंडच्या दूरचित्रवाणीचा आहे. बीबीसीने 1960च्या दशकातल्या आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, फिल्म टाकून दिल्या, कारण टेप महाग होती आणि जुन्या कार्यक्रमाला पुढे कुणी विचारील असं कुणाला वाटलं नव्हतं. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे दीर्घकाळ नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात हरवलेले राहिले. पण त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. पुढे त्याच आवाजाला रेखाचित्रांची जोड देऊन खुद्द बीबीसीने काही भाग पुन्हा उभे केले. एवढ्या मोठ्या संस्थेला जे जपता आलं नाही ते घरोघरच्या कपाटांनी जपलं.

घरगुती मुद्रणावर पहिला आक्षेप जुन्या वळणाच्या गुरुजनांचा असतो: यंत्र आलं की स्मरणशक्ती जाते, विद्या गळ्यातून गळ्यात गेली पाहिजे. हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. गुरूची तालीम मुद्रित करून ‘नंतर ऐकू’ म्हणणारा विद्यार्थी तालमीत कमी ऐकतो, यात शंका नाही. म्हणूनच मी भर देतो तो स्वतःचा रियाज मुद्रित करण्यावर. तिथे यंत्र स्मरणाची जागा घेत नाही, आरशाची घेते. दुसरा आक्षेप संमतीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. केसरबाई केरकर मुद्रणाबद्दल कमालीच्या कडक होत्या. कलाकाराचा तो हक्कच आहे. घरच्या मैफलीतही विचारल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

तिसरा आक्षेप मात्र घातक आहे. सगळं तर इंटरनेटवर आहे, मग सामान्य माणसाचं गाणं जपून काय करायचं, असा तो प्रश्न. इंटरनेटवर आहे ते बहुतेक सगळं नामवंतांचं आहे, आणि तेही कुणीतरी घरी जपलं होतं म्हणून तिथे पोचलं आहे. शिवाय एखाद्या काळात गाणं कसं होतं हे केवळ शिखरांवरून कळत नाही. मधल्या पट्टीतले शेकडो लोक बंदिश कशी म्हणत, कुठल्या लयीत म्हणत, कुठली चीज गावात चालू होती आणि कुठली विसरली जात होती, हे हौशी माणसाच्या मुद्रणातूनच समजेल. गुरुग्रामचं ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ 1982 पासून खाजगी संग्रह स्वीकारून जपत आलं आहे, ते उगीच नव्हे.

पण नोंदीशिवाय संग्रह मुका असतो. जुनी टेप वेगळ्या यंत्रावर जलद किंवा मंद फिरते. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर एक पट्टी सरकतो, आणि काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असं वाटू लागतं. कव्हरवर पट्टी लिहिलेली असेल तर वेग लगेच जुळवता येतो. नसेल तर जाणकारांना टेपमध्ये दबलेली विजेची 50 हर्ट्‌झची गुणगुण शोधून तिच्यावरून वेग ठरवावा लागतो. मोबाइलवरच्या मुद्रणाचं दुखणं निराळं: ‘न्यू रेकॉर्डिंग 214’ या नावाखाली कुणाचा यमन आहे हे सहा महिन्यांनी गाणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुद्रण सुरू होताच आपलं नाव, तारीख, राग, पट्टी आणि गाव तोंडाने बोलावं. नाव बदललं, फाइल हलली, फोन बदलला, तरी ते शब्द आवाजासोबतच राहतात. वर्षाकाठी दहा-बारा मुद्रणं निवडून दोन ठिकाणी ठेवावीत आणि बाकीची खुशाल पुसावीत.

दिवाळीच्या आवराआवरीत या वर्षीही कपाटांच्या वरच्या खणांतून कॅसेटी निघतील. टाकण्याआधी त्यांच्या मागची कड पाहा. पुसलं जाऊ नये म्हणून जिच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा कुणीतरी मुद्दाम तोडला आहे, ती तरी नक्की बाजूला ठेवा. फिरत नसेल तर पेन्सिलीने सैल फीत ताणून घ्या. आणि आतला आवाज ओळखणारं एखादं वडीलधारं माणूस घरात असेल, तर त्यांना शेजारी बसवून एकदा ती पूर्ण ऐका, आणि ते सांगतील ते नाव, राग आणि साल कव्हरवर त्याच दिवशी लिहून टाका.