‘पिक्चरेस्क्ली’ : एका क्रियाविशेषणाचा अर्थ आणि उगम

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी प्राचीन देवालयांचा समूह आहे. ती देवालये कशी उभी आहेत, हे इंग्रजी लेखक ‘पिक्चरेस्क्ली’ एवढ्या एका शब्दात सांगून मोकळा होतो. भाषांतर करताना आपण मात्र तेथेच अडतो.

या शब्दाच्या मुळाशी चित्रकार आहे. इटालियन ‘पित्तोरे’ म्हणजे चित्रकार. त्यावरून ‘पित्तोरेस्को’, पुढे फ्रेंच ‘पित्तोरेस्क’ आणि अठराव्या शतकात इंग्रजीत रुळलेले ‘पिक्चरेस्क’. ‘ली’ या प्रत्ययाने त्याचे क्रियाविशेषण होते. चित्रात शोभून दिसेल असे सौंदर्य, अशी व्याख्या विल्यम गिल्पिन यांनी १७६८ मध्ये केली. म्हणजे हा शब्द दृश्याला चौकटीत बसवतो आणि पाहणाऱ्याला चौकटीबाहेर उभा करतो.

आपल्या ‘नयनरम्य’मध्ये चित्र नाही, डोळा आहे आणि त्याचे रमणे आहे. शिवाय ‘नयनरम्यपणे उभी’ ही रचना मराठीला जड जाते. ‘चित्रातल्यासारखी उभी आहेत’ हे मुळाला अधिक जवळचे. हे रूप लिंगवचनानुसार बदलते (देऊळ असेल तर ‘चित्रातल्यासारखे’), म्हणून ते अव्यय नव्हे. काम मात्र क्रियाविशेषणाचेच करते.

परंतु अहेरीच्या रानात पहाटे मोहफुले वेचणाऱ्या स्त्रीच्या तोंडी हा शब्द घालू नये. ती त्या चौकटीच्या आत आहे. तिच्यासाठी विदर्भाच्या बोलीतला ‘साजरं’ हा शब्द पुरेसा आहे.