सही करण्याआधी शेवटची पानं वाचा

औषध आणि बायोटेक क्षेत्रातली आपली मराठी मंडळी आता प्रयोगशाळेतून व्हाइस प्रेसिडेंट, चीफ मेडिकल ऑफिसर अशा पदांपर्यंत पोचली आहेत. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून बॉस्टन-केंब्रिजकडच्या एखाद्या लहान कंपनीत वरच्या जागी जाणारेही पुष्कळ. अशा मित्रमंडळींचे करारनामे मी अनेकदा वाचले आहेत. (मी वकील नाही; या धंद्यात नोकरी केली, एवढाच अधिकार.) बहुतेकांचा सारा जोर पगारावर असतो. माझ्या मते खरी घासाघीस नोकरी संपेल कशी, यावर करावी.

कारण लहान बायोटेक कंपनीचा डोलारा बहुधा एकाच औषधावर उभा असतो. तिसऱ्या टप्प्यातली चाचणी फसली की नोकरकपात होते. यशस्वी झाली की मोठी कंपनी तिला विकत घेते, आणि तिच्याकडे त्या पदावर माणूस आधीच असतो. म्हणजे चांगलं काम करूनही खुर्ची जाऊ शकते.

स्टॉक ऑप्शनचंच पाहा. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे ८०,००० ऑप्शन होते, प्रत्येकी ३ डॉलर भावाचे. नोकरी गेली आणि करारानुसार ९० दिवसांत ते वापरायचे होते. म्हणजे २,४०,००० डॉलर रोख, वर कराची टांगती तलवार. आणि कंपनी खाजगी, त्यामुळे शेअर विकून पैसे उभे करण्याची सोय नाही. घराचं कर्ज, मुलीचं कॉलेज. त्यांनी निम्म्याहून अधिक ऑप्शन सोडून दिले. आयएसओ प्रकारच्या ऑप्शनची करसवलत टिकवायची तर ते तीन महिन्यांत वापरावे लागतात, म्हणून ही मुदत करारांत सर्रास असते. पण ती वाढवून मागता येते. उशिरा वापरल्यास सवलत जाते, ऑप्शन जात नाहीत.

कंपनी विकली जाण्याच्या शक्यतेसाठी ‘डबल ट्रिगर’ मागावा: विक्री झाली आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत तुम्हाला काढलं, तर उरलेले सारे शेअर लगेच तुमचे.

‘कॉज’ या शब्दाची व्याख्या तर दोनदा वाचा. त्या कारणाखाली काढलं की सेव्हरन्स सहसा मिळत नाही. ‘काम असमाधानकारक’ असं मोघम काही असेल तर खोडून घ्या; अफरातफर, गुन्हा, कराराचा गंभीर भंग एवढंच राहू द्या. उलट पगार कापला किंवा हुद्दा उतरवला म्हणून तुम्हीच राजीनामा दिलात, तरी सेव्हरन्स मिळावा.

प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याची अट कॅलिफोर्नियात चालत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ च्या कायद्यानुसार ती साधारणतः १२ महिन्यांपुरतीच घालता येते, आणि विनाकारण काढलेल्यावर लादता येत नाही.

घरच्यांच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी. कोब्राखाली आरोग्यविमा साधारणतः १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता पूर्ण आपल्या खिशातून. सेव्हरन्सच्या काळात तो कंपनीने भरावा असं लिहून घ्या. आणि ग्रीन कार्ड हाती नसेल, एच-१बीवर असाल, तर नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सेव्हरन्सचे पैसे येत राहिले म्हणून ते वाढत नाहीत. तेव्हा पगारी नोटीस लांब मागा.

आपल्याकडे ‘मागायचं कसं’ हा संकोच फार. पण या पदांवर मागणं अपेक्षितच असतं. करार तपासायला स्वतःचा वकील घ्या. कंपनीचा वकील तुमचा नव्हे. त्याची फी कंपनीने द्यावी, हेही मागता येतं, आणि पुष्कळदा मान्य होतं.