नाव हाडांत सापडत नाही

तौक्ते चक्रीवादळात 17 मे 2021 रोजी बॉम्बे हायच्या परिसरात 'पी-305' ही बार्ज बुडाली. तिच्यावर 261 जण होते. त्यातल्या 186 जणांना जिवंत बाहेर काढता आले. उरलेल्यांचा शोध नौदल खोल समुद्रात घेत होते, आणि त्याच दिवसांत काही मृतदेह आपोआप किनाऱ्याला लागले. काही रायगडात, मांडवा, अलिबाग, मुरूडच्या बाजूला. काही थेट गुजरातेत वलसाडला. चेहरा पाहून ओळख पटावी अशी अनेकांची अवस्था राहिली नव्हती. नातेवाइकांचे रक्ताचे नमुने घेऊन, ते मृतदेहांच्या डीएनएशी ताडून मग नावे ठरवावी लागली.

ते काम अवघड होते, पण होण्यासारखे होते, कारण बार्जवर कोण होते याची यादी हाती होती. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री कोसळला तेव्हाही असेच झाले. दोन एसटी बस आणि इतर वाहनातली माणसे पुरात वाहून गेली. मृतदेह खाडीतून हरिहरेश्वरकडे आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंत गेले. तरी शोधणाऱ्यांना ठाऊक होते की कुणाला शोधायचे आहे.

अशी यादी नसते तेव्हा खरी अडचण सुरू होते. पहाटे जाळी काढायला गेलेल्या एखाद्या कोळ्याला काही दिसते, तो पोलीस पाटलाला सांगतो, पोलीस येऊन पंचनामा करतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते. नावाच्या रकान्यात 'अनोळखी' लिहिले जाते. हा माणूस रेवदंड्याचा असेल, मुंबईत लोकलमधून उतरून समुद्राकडे गेलेला असेल, किंवा परराज्यातल्या बोटीवरचा खलाशी असेल. घरच्यांनी तक्रार दिली असलीच तर ती दुसऱ्याच जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात पडून असते. दोन्ही कागद खरे असतात, फक्त ते कधी एकमेकांसमोर येत नाहीत.

पाण्यातल्या मृतदेहावर वेळ फार झपाट्याने काम करते. देह आधी बुडतो. शरीरातले जिवाणू वायू तयार करू लागले की तो फुगून वर येतो. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात त्याला दोन-तीन दिवसही पुरतात. चेहऱ्याचे मऊ भाग मासे आणि खेकडे आधी खातात. हाताची त्वचा हातमोज्यासारखी सुटून येते. ती जपून काढली तर तिच्यावरूनही ठसे घेता येतात, हे अनेकांना माहीत नसते. मग ते ठसे 'आधार'शी का जुळवत नाहीत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. आधार कायद्यानुसार बोटांचे ठसे आणि बुबुळांची माहिती कुणालाही देता येत नाही. त्यामुळे गुन्हेगारांच्या नोंदीत ठसे नसतील तर हा रस्ता तिथेच संपतो.

फक्त हाडे उरली तरी ती बरेच सांगतात. कटीच्या हाडावरून स्त्री की पुरुष हे बहुतेक वेळा समजते, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक साधारण पंचविशीच्या पुढे-मागे पूर्ण जुळते, म्हणून तरुण माणसाचे वय काढताना ते उपयोगी पडते. डीएनए सर्वांत चांगला टिकतो तो दातांत आणि मांडीच्या हाडाच्या जाड, मधल्या भागात. पण 'स्त्री, वय 20 ते 25, उंची पाच फूट दोन इंच' एवढे कळूनही नाव कळत नाही. डीएनए म्हणजे जणू एका कुलपाची माहिती. चावी नातेवाइकाकडे असते.

रायगडातच याचे सर्वज्ञात उदाहरण आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दजवळच्या रानात मे 2012 मध्ये जळालेल्या अवस्थेतले मानवी अवशेष सापडले. पोलीस आले, नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले, उरलेले अवशेष तिथेच पुरले गेले. पुढची तीन वर्षे ते अनोळखीच राहिले. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईत एका चालकाला बेकायदा शस्त्राच्या प्रकरणात अटक झाली, त्याच्या चौकशीतून शीना बोरा हे नाव पुढे आले आणि त्यानंतर ती जागा पुन्हा खणली गेली. अवशेषांचा डीएनए तिच्या आईशी जुळल्याचे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. बचाव पक्षाला ते मान्य नाही आणि खटला न्यायालयात आहे. निकाल काहीही लागो, क्रम पाहण्यासारखा आहे : आधी नाव मिळाले, मग हाडे तपासली गेली. पुढे 2024 मध्ये हीच हाडे सापडत नसल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले आणि काही आठवड्यांनी ती सीबीआयच्याच दिल्लीतल्या कार्यालयात असल्याचे कळवले गेले. देशभर गाजलेल्या खटल्यात ही गत, तर कुणी विचारायलाही न आलेल्या हाडांचे काय होत असेल?

अमेरिकेत ही पोकळी काही प्रमाणात हौशी माणसांनी भरली. केंटकी राज्यात 1968 मध्ये एका विहीर खोदणाऱ्याला ताडपत्रीत गुंडाळलेला तरुणीचा मृतदेह सापडला. त्याचा जावई टॉड मॅथ्यूज हा साधा कारखान्यातला कामगार. सासऱ्यांनी सांगितलेली ही हकीकत त्याच्या डोक्यातून जाईना. अनेक वर्षे तो फायली आणि जुनी वर्तमानपत्रे चाळत राहिला. 1998 मध्ये हरवलेल्या बहिणीला शोधणाऱ्या एका बाईचा मजकूर त्याला इंटरनेटवर दिसला, वर्णन जुळले, आणि डीएनएने खात्री झाली. त्याने शोधला तो दुसरा कागद. प्रयोगशाळेची पाळी नंतर आली.

2017 मध्ये मार्गारेट प्रेस आणि कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी 'डीएनए डो प्रोजेक्ट' सुरू केला. ओहायोत 1981 मध्ये सापडलेल्या एका तरुणीला त्यांच्या स्वयंसेवकांनी 2018 मध्ये, म्हणजे 37 वर्षांनी, नाव मिळवून दिले. नेहमीच्या न्यायवैद्यक चाचणीत डीएनएवरच्या साधारण वीसेक जागा पाहतात. त्यातून आई-मूल असे जवळचे नाते ठरते. या पद्धतीत लाखो जागा पाहतात. त्यामुळे चुलत-चुलत भावंडेही सापडतात, आणि मग वंशवृक्ष मांडत मृत व्यक्तीपर्यंत पोहोचता येते.

हे इथे जसेच्या तसे होणार नाही. तिकडे लाखो लोकांनी हौसेने आपला डीएनए तपासून 'जेडमॅच'सारख्या खुल्या साठ्यात ठेवला आहे. आपल्याकडे असा साठा नाही. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्यासाठी स्वतंत्र डीएनए नोंदसंचाची तरतूद असलेले विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आले. मात्र खासगीपणाविषयी गंभीर आक्षेप होते. ते 2023 मध्ये मागे घेण्यात आले.

तरी टॉड मॅथ्यूजचे काम इथेही करण्यासारखे आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अनोळखी मृतदेहांची आणि बेपत्ता व्यक्तींची माहिती मिळते. दिल्ली पोलिसांनी 2004 मध्ये सुरू केलेल्या 'झिपनेट'वर उत्तरेकडच्या राज्यांच्या नोंदी असतात. चिकाटीचा माणूस या याद्या समोरासमोर ठेवू शकतो. त्याला जुळवायला लागतात त्या गोष्टीही अस्सल इथल्याच : हातावर गोंदलेले नाव, सदऱ्याच्या कॉलरवरची शिंप्याची पट्टी, धोब्याची खूण, हाड मोडल्यावर बसवलेल्या प्लेटवरचा क्रमांक. शिंप्याच्या पट्टीवर बहुधा गावाचे नाव असते, आणि गाव कळले की निम्मे काम झाले.

जुळल्यासारखे वाटले की ते पोलिसांना कळवायचे, घरच्यांना नाही. अर्धवट खात्रीवर एखाद्या आईला फोन करणे हा क्रूरपणा आहे. मृतदेहाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवणेही तसेच, आणि लैंगिक अत्याचाराचे प्रकरण असेल तर ओळख उघड करणे हा गुन्हा ठरतो.

घरच्यांच्या बाजूनेही काही गोष्टी वेळेत व्हायला हव्यात. माणूस हरवल्यावर 24 तास थांबावे लागते, असा कोणताही नियम नाही. तक्रार त्याच दिवशी द्यावी. तक्रारीत हसरा फोटो द्यावा, कारण त्यात पुढचे दात दिसतात. दाताच्या डॉक्टरांकडचे एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद, न धुतलेला कंगवा आणि दात घासायचा ब्रश जपून ठेवावा. अवशेष सापडले तर आपला डीएनए ताडून पाहावा, असे तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

आणि वर्षे उलटली असतील तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार करावा. हाडे थांबू शकतात, आई-वडील थांबू शकत नाहीत. दोघेही गेले असतील तरी एक वाट उरते. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि जुन्या, झिजलेल्या हाडांतही तो बरेचदा मिळतो. हरवलेल्या माणसाच्या सख्ख्या भावंडांत तो तसाच असतो, मावशीत असतो, बहिणीच्या मुलांत असतो. भावाच्या मुलांत मात्र नसतो. म्हणून काकांना शोधणाऱ्या पुतण्याने या चाचणीसाठी स्वतःचा नमुना देऊन भागत नाही. त्याने आत्याला किंवा आतेभावाला सोबत न्यावे.